इतर हक्क

काकाचा मेसेज आला तेव्हा मी वॉन्स्टेड पार्कमध्ये तळ्याकाठच्या बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होते. एप्रिल संपत आला होता. मागच्या झाडीत ब्लूबेलची निळी फुलं अंथरल्यासारखी फुलली होती आणि निम्मं पूर्व लंडन त्यांचे फोटो काढायला लोटलं होतं. मेसेजसोबत एक पीडीएफ होती. खाली लिहिलं होतं, "अगो, यावर सही करून स्कॅन पाठव. गडगा घालून घेतो. गिऱ्हाईक थांबलंय."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमची आंब्याची बाग आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर काकाच्या नावाखाली आईचं आणि माझं नाव लागलं. बागेचा रस्त्याकडचा तुकडा काकाला विकायचाय. घेणाऱ्याला तिथे फार्महाऊस बांधायचंय आणि जागा चारी बाजूंनी बंद करून हवीये. त्यासाठी सगळ्या वारसांची संमती लागते.

अडचण एकच. त्या तुकड्यातून एक पाखाडी जाते. खालच्या वाडीतली माणसं तिच्यावरून वर रस्त्याला येतात, एसटी पकडतात. पोरं शाळेत जातात. वाडीत कुणी गेलं, तर तिरडीही त्याच पाखाडीने वर येते आणि फाट्यावरून नदीकाठच्या स्मशानाकडे वळते. गडगा घातला की त्यांना दीड-दोन किलोमीटरचा वळसा पडणार. कागदावर मात्र पाखाडी कुठेच नाही. म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर आम्ही काहीच चुकीचं करत नव्हतो.

मी फोन खिशात टाकला. सही करायला दहा सेकंद लागली असती. ती मी का केली नाही, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्यासाठी मला ज्या बागेत मी बसले होते तिची गोष्ट सांगावी लागेल.

२

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनीने दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलंय. भाडं परवडतं म्हणून मॅनॉर पार्कला एका खोलीत राहते. रविवारी स्टेशनमागच्या वॉन्स्टेड फ्लॅट्स नावाच्या मोकळ्या गवताळ रानातून निघते, मोठ्या सिटी ऑफ लंडन स्मशानभूमीच्या बाजूने चालते आणि अर्ध्या तासात वॉन्स्टेड पार्कला पोचते. वॉन्स्टेड आज सेंट्रल लाइनवरचं साधं, सुखवस्तू उपनगर आहे. १९६५ पर्यंत ते लंडनमध्ये नव्हतंच, एसेक्स परगण्यात होतं. बागेत तळी आहेत, एका जळक्या ग्रोटोचे अवशेष आहेत, 'टेम्पल' म्हणतात अशी एक जुनी इमारत आहे. एवढी मोठी बाग आणि मधे वाडा कुठेच कसा नाही, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता.

उत्तर शोधताना जोसाया चाइल्ड भेटला. हा माणूस १६३० च्या आसपास लंडनच्या व्यापारी घरात जन्मला. पोर्ट्‌समथला आरमाराला सामान पुरवून त्याने पैसा केला, तिथला मेयर झाला, मग ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर घेत गेला. १६७३ मध्ये त्याने वॉन्स्टेडची जहागीर विकत घेतली. १६७८ मध्ये तो बॅरोनेट, म्हणजे 'सर' झाला आणि १६८१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर. १६८३ मध्ये जॉन एव्हलिन नावाचा रोजनिशीकार वॉन्स्टेड बघून गेला. या ओसाड जागी तळी खणायला आणि अक्रोडाची झाडं लावायला चाइल्डने केवढा अफाट खर्च केलाय, अशी नोंद त्याने नापसंतीच्या सुरात केली आहे. जुन्या घराण्यातल्या माणसाने नव्या पैशाकडे बघावं, तसाच तो सूर आहे.

जोसाया चाइल्ड आयुष्यात कधीही हिंदुस्थानात आला नाही. लंडनच्या कचेरीत बसून तो पत्रं लिहायचा. पण त्याची पत्रं आपल्याकडे येऊन पोचायची. नुसता व्यापार करून भागणार नाही, किल्ले हवेत, महसूल हवा, इंग्रजांच्या कायमच्या सत्तेचा पाया घालायला हवा, ही भाषा कंपनीच्या १६८७ च्या पत्रात आहे. प्लासीच्या सत्तर वर्षं आधी! त्याच धोरणातून कंपनीने १६८६ मध्ये थेट औरंगजेबाशी लढाई ओढवून घेतली. पश्चिम किनाऱ्यावर ती चालवायला मुंबईत सर जॉन चाइल्ड होता. आडनाव एकच, पण हे दोघे भाऊ नव्हते. जॉनने मोगलांची जहाजं धरली. उत्तर म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६८९ मध्ये मुंबईवर सैन्य उतरवलं. शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या ताब्यात गेलं आणि इंग्रज आपल्या किल्ल्यात कोंडले गेले. संभाजी महाराजांना संगमेश्वरात पकडून मारलं गेलं तेही याच वर्षी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षावर दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, त्यामुळे मुंबईचा हा वेढा मला माहीतच नव्हता.

शेवटी कंपनीचे वकील बादशहासमोर हात बांधून उभे राहिले, माफी मागितली, दीड लाख रुपये दंड कबूल केला. जॉन चाइल्ड १६९० मध्ये मुंबईतच मेला. जूनमध्ये सिद्दी निघून गेला. जोसाया वॉन्स्टेडला आपल्या अक्रोडांच्या रांगांमध्ये सुखरूप होता. १६९९ मध्ये तो गेला. गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं मोठं संगमरवरी स्मारक आहे. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर मी आत जाऊन ते बघितलं. अंगावर रोमन योद्ध्याचा पोशाख आणि डोक्यावर त्या काळचा कुरळ्या केसांचा टोप. एकही लढाई न बघितलेला माणूस योद्ध्याच्या वेषात उभा होता.

त्या दिवशी मी तळ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. वर लिहिलं, 'हे तळं आपल्या पैशातून खणलंय.' भरपूर लाइक आले. खूप बरं वाटलं.

३

बरं वाटणं दोनेक आठवडे टिकलं. मग सवयीप्रमाणे मी माझंच वाक्य तपासायला घेतलं. आमच्या कामात कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी आणि कधी लिहिली हे दिसतं. बग सापडला की माणूस सापडतो. मी तसंच अक्रोडाच्या प्रत्येक झाडापुढे नाव शोधायला लागले आणि अडकले.

जोसायाच्या काळात कंपनी अजून बंगालचा महसूल लुटत नव्हती. ती चांदी देऊन माल घ्यायची. सुरत, मद्रास, बंगालचं सुती कापड, रेशीम, मिरी, सोरा. तिचा फायदा मक्तेदारीतून यायचा. इतर इंग्रज व्यापाऱ्यांना त्या धंद्यात शिरायला बंदी होती आणि ती बंदी टिकवण्यासाठी राजाला मोठमोठ्या भेटी जायच्या. मग तळं कुणाच्या पैशातलं? सुरतेच्या विणकराच्या? जास्त पैसे मोजून कापड घेणाऱ्या लंडनच्या बाईच्या? धंद्यातून हाकललेल्या इंग्रज व्यापाऱ्याच्या? आणि वेढ्याची किंमत कुणी दिली? माझगाव-माहीमच्या माणसांनी. त्यांच्या अंगावर एका बाजूने कंपनी आली आणि दुसऱ्या बाजूने सिद्दी, आणि त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. मी इन्स्टाग्रामवर 'आपल्या' लिहिलं, तेव्हा या सगळ्यांच्या वतीने मी परस्पर सही ठोकली होती.

म्हणजे हिशेब लागत नाही म्हणून तो सोडून द्यायचा का? वॉन्स्टेडच्या वाड्याने नेमकं तेच केलं, आणि फार लवकर केलं. जोसायाच्या हयातीतच त्याच्या मुलीचं लग्न एका ड्यूकच्या वारसाशी झालं. मुलगा रिचर्ड याने १७१५ पासून कोलेन कॅम्पबेल या वास्तुशिल्पीकडून नवा वाडा बांधून घेतला. दर्शनी भाग सुमारे २६० फूट लांब, पुढे खांबांची देवळासारखी देवडी. मग तो व्हायकाउंट झाला, मग अर्ल टिल्नी. बायकोच्या माहेरकडून इस्टेट आली तेव्हा त्याने आडनावही बदलून टिल्नी केलं. दोन पिढ्यांत 'चाइल्ड' हे व्यापाऱ्याचं नाव पुसलं गेलं आणि जणू अनादिकाळापासून इथेच असलेले उमराव तयार झाले. जमीनदारी घराण्यांची ही जुनी युक्ती आहे. पैसा कुठून आला हे विसरायला काळ लागतो असं आपण म्हणतो. पण खरं म्हणजे विसरायला बरीच खटपट करावी लागते. लग्नं जुळवावी लागतात, नावं बदलावी लागतात, खांब उभारावे लागतात.

पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे. वारसा फिरत फिरत १८०५ मध्ये कॅथरिन टिल्नी-लाँग या तरुण मुलीकडे आला. तिचा धाकटा भाऊ अकराव्या वर्षी गेला आणि ती इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मुलींपैकी एक झाली. पुढे राजा झालेल्या ड्यूक ऑफ क्लॅरेन्सने तिला मागणी घातली. तिने नाही म्हटलं आणि १८१२ मध्ये विल्यम वेलस्लीशी लग्न केलं. आडनाव ओळखीचं वाटेल. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा त्याचा काका. तेव्हाचा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, तोही काकाच.

पुतण्याने मात्र फक्त उधळपट्टी केली. लग्नाबरोबर इस्टेटीच्या उत्पन्नावर त्याचा तहहयात हक्क आला होता. तो गहाण टाकून त्याने कर्जं काढली. १८२२ मध्ये वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. तो ३२ दिवस चालला. मग वाडाच दहा हजार पौंडांना पाडकामासाठी विकला गेला आणि दगड दगड करून नेला गेला. नवऱ्याने सोडलेली कॅथरिन १८२५ मध्ये गेली. आज वाड्याची जागा गोल्फ क्लबात आहे आणि क्लबाचं मुख्य घर म्हणजे जुने तबेले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला वाडा वेलस्लीनेच खाल्ला. नियतीने हिशेब चुकता केला! पण जरा वेळाने विचारलं, चुकता म्हणजे कुणाला? त्या ३२ दिवसांतला एक पौंडही सुरतेला किंवा माझगावला गेला नाही. सगळं सावकारांकडे गेलं. तुटली ती एक बाई, जिच्या हातात स्वतःच्याच घराचा निर्णय नव्हता. वाईट पैशातून उभं राहिलेलं घर कोसळलं म्हणजे न्याय झाला, असं नसतं. आपल्याला फक्त गोष्टीचा शेवट आवडलेला असतो.

४

मग ही बाग माझ्यासारखीला फुकट कशी मिळाली? वाडा गेला आणि लोकांनी बाग घेतली, असं झालेलं नाही. जमीन वेलस्ल्यांकडेच राहिली. उत्तरेला मैलोन्‌मैल पसरलेल्या एपिंगच्या जंगलाला त्या काळी ठिकठिकाणचे जमीनदार कुंपणं घालत सुटले होते. रान तोडून घरं बांधली की जमिनीला सोन्याचा भाव. कागदावर जमीन त्यांचीच होती. पण त्या जमिनीवर दुसऱ्यांचेही काही जुने हक्क होते. आसपासच्या शेतकऱ्यांना गुरं चारायचा हक्क होता. लॉटन गावच्या लोकांना नोव्हेंबर ते एप्रिल झाडांच्या फांद्या जळणासाठी तोडायचा हक्क होता. लॉटनची जहागीर ज्याच्याकडे होती तो तिथला पाद्रीही होता. १८६० च्या दशकात त्याने रानाला कुंपण घातलं. टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर आणि त्याचं कुटुंब तरीही आत जाऊन फांद्या तोडत राहिलं. १८६६ मध्ये त्याच्या घरातल्या तिघांना तुरुंगात जावं लागलं. विलिंगेल १८७० मध्ये गेला तेव्हा खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी, ८ जुलै १८७१ ला, मी रोज जिथून चालते त्या वॉन्स्टेड फ्लॅट्सवर हजारो माणसं जमली. वेलस्ली घराण्यातल्याच अर्ल काउलीकडे आता ही जमीन होती आणि त्याने तिथे कुंपण घातलं होतं. सभा झाली, ठराव झाले आणि दिवस मावळता मावळता कुंपण मोडलं गेलं.

पण जंगल शेवटी वाचलं ते एका स्मशानभूमीमुळे. लंडन शहराच्या महानगरपालिकेने १८५० च्या दशकात मुडदे पुरायला जागा हवी म्हणून इथलं एक शेत विकत घेतलं होतं. तेही वेलस्ल्यांच्याच इस्टेटीतलं. त्या शेताला जंगलात गुरं चारायचा जुना हक्क चिकटलेला होता. जमीन घेतली तसा तो हक्कही पालिकेकडे आला. त्या बारीकशा हक्काच्या जोरावर पालिकेने सगळ्या कुंपणवाल्या जमीनदारांवर दावा लावला आणि १८७४ मध्ये जिंकला. १८७८ मध्ये कायदा झाला की एपिंगचं जंगल कायम मोकळं राहील. १८८० मध्ये पालिकेने अर्ल काउलीकडून वॉन्स्टेडची १८४ एकर बाग विकत घेतली आणि १८८२ मध्ये ती लोकांना खुली झाली. गुरांचा हक्क तर इतका टिकला की १९९६ मध्ये मॅड काउ रोगाची साथ येईपर्यंत वॉन्स्टेडच्या रस्त्यांवर गाई फिरायच्या.

यात कुणी संत नव्हतं. पालिकेकडे पैसा होता, वकील होते, स्वतःचं नाव व्हायला हवं होतं. विलिंगेलच्या गावकऱ्यांना तर फांद्या तोडायचा हक्क परत मिळालाच नाही. त्याबदल्यात सात हजार पौंड मिळाले आणि त्यातून गावात एक सभागृह उभं राहिलं. पण या गोष्टीतलं एक मला विसरता येईना. मालकी कुणाची आहे हा वाद इथे कुणी घातलाच नाही. जमीन अर्लची होती हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न एवढाच होता की त्याच जमिनीवर अजून कुणाचं काय आहे.

हे वाचताना मला एकदम आपला सातबारा आठवला.

५

सातबारा बघितलाय कधी? मालकाच्या नावाच्या बाजूला एक रकाना असतो. त्यात कुळाची, खंडाची, बोज्याची, वाटेची, विहिरीची नोंद होते. गावात सगळे त्याला 'इतर हक्क' म्हणतात. बहुतेक जण मालकाचं नाव बघतात आणि पान उलटतात. मीही तेच केलं होतं. काकाने पाठवलेली पीडीएफ त्या रात्री पुन्हा उघडली. आमचा 'इतर हक्क' रिकामा होता.

तो रिकामा का आहे, हे मला माहीत आहे. आम्ही गावचे खोत. माझ्या पणजोबांच्या काळात पिकाचा निम्मा वाटा कुळांकडून आमच्या ओटीवर यायचा. अर्धेल म्हणायचे त्याला. वर वेठ असायची. घर शाकारायला, लाकडं फोडायला, पालखी उचलायला वाडीतली माणसं बिनपैशाने यायची. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये ती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली, मग कूळकायद्याने भाताची खाचरं कुळांची झाली. डोंगरउताराची वरकस जमीन मात्र आमच्याकडे राहिली आणि तिथे आजोबांनी कलमं लावली. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच कलमांच्या पेट्यांनी भरली. जोसायाने अक्रोड लावले, आम्ही हापूस.

घरात हे कधी असं सांगितलं जात नाही. घरात सांगतात, आपले पणजोबा फार देवमाणूस, दाराशी आलेल्याला कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. खरंही असेल. पण वाडीतला माणूस दाराशी का येत होता, हे त्या गोष्टीत नसतं. आमच्याकडे आडनाव बदलावं लागलं नाही, गोष्ट बदलून काम झालं.

मग मी दोषी आहे का? नाही वाटत. पणजोबांच्या वेठीचा गुन्हा माझ्या नावावर चढत नाही, जसा आज गोल्फ क्लबात खेळणाऱ्या माणसावर मुंबईच्या वेढ्याचा चढत नाही. दोष रक्तातून येत नाही. फायदा मात्र येतो. आणि जो फायदा मी हात पुढे करून घेतला, त्याला चिकटून आलेलं देणं तेवढं मी कसं नाकारू? त्या स्मशानभूमीसाठी घेतलेल्या शेताबरोबर गुरांचा हक्क आला, तसंच हे. वारसा तुकड्या-तुकड्याने निवडून घेता येत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती काकाची आहे. फोनवर मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तीस वर्षं मी फवारण्या केल्यात. माकडं हाकललीत. वादळात झाडं आडवी झाली तेव्हा तू पुण्याला कॉलेजात होतीस. तुला तिकडे बसून न्याय सुचतो, मला इकडे कर्जाचा हप्ता सुचतो." मला उत्तर देता आलं नाही. तो चूक नव्हता. लंडनमधून सही करणं आणि लंडनमधून नकार देणं, दोन्ही जोसायासारखंच. कचेरीत बसून पत्र लिहायचं आणि त्याचं जे होईल ते दुसऱ्याच्या अंगणात होऊ द्यायचं. मी रोज जो कोड लिहिते तो कुठे कुणाला कसा लागतो, हेही मला दिसत नाही. लांब राहिलं की कुठलीही गोष्ट सोपी वाटते. चांगुलपणासुद्धा.

म्हणून मी नकार दिला नाही. एकच विचारलं, "काका, वीक. माझं काही म्हणणं नाही. पण आधी पाखाडीची नोंद इतर हक्कात करून घेऊ या का? मग मी सही करते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "वाट दाखवली तर भाव पडतो, कळतंय का तुला?"

"किती पडेल?"

"पडेल म्हणजे पडेल!" त्याने फोन ठेवला.

६

भाव पडतो हे मला खोटं वाटत नाही. पण मी त्यावर विचार करत राहिले. वाट बंद केल्याने जी किंमत वाढते, ती येते कुठून? जमीन तेवढीच, आंबे तेवढेच. वाढलेला पैसा म्हणजे वाडीतल्या माणसांचा रोजचा वळसा. शाळेला जाणाऱ्या पोराची वीस मिनिटं, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईची चढण. तो पैसा त्यांच्या पायातून निघतो आणि आमच्या खात्यात जमा होतो. जोसायाच्या तळ्याचा हिशेब मला लागला नव्हता, कारण मधे साडेतीनशे वर्षं आणि सात समुद्र होते. हा हिशेब मात्र समोर होता. माणसं नावानिशी माहीत होती. त्यांच्यातल्या एकीने मला लहानपणी पाखाडीवरून पडले तेव्हा उचलून घरी आणलं होतं.

जुन्या अन्यायांबद्दल आपण ऑनलाइन इतकं का भांडतो, याचं मला आता थोडं कळतं. तिथे आपल्याला काही द्यावं लागत नाही. कंपनीला शिव्या घालायला माझे शून्य रुपये लागले. तो इतिहास खोटा आहे असं मी म्हणत नाही. जोसायाच्या स्मारकाखाली मुंबईच्या वेढ्याबद्दल एक पाटी असावी असं मला अजूनही वाटतं. पण माझी ती पोस्ट मी काढून टाकली. ती चुकीची होती म्हणून नव्हे. तिच्याखाली लिहायला माझ्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं म्हणून.

काकाचा नऊ दिवस फोन नाही, मेसेज नाही. आईला म्हणाला म्हणे, पोरगी शेफारली. दहाव्या दिवशी रविवार होता. मी बागेतून परत येत होते, स्मशानभूमीच्या भिंतीपर्यंत पोचले होते, तेव्हा फोन वाजला. काकाचा मेसेज होता. नमस्कार नाही, अगो नाही.

"तलाठ्याला विचारलं. नोंद होते म्हणतो. गिऱ्हाईक कुरकुरतंय, टिकेल की नाही सांगता येत नाही. रुंदी किती दाखवायची?"

मी तिथेच उभी राहून विचार केला. फुटांचा आकडा मला सुचेना. मग लिहिलं, "तिरडी घेऊन चार माणसं जातील एवढी."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही. मी मे महिन्यात गावी जातेय, टेप बरोबर घेऊन.